सगळं ऑनलाइन आहे, मॅडम!

‘सगळं ऑनलाइन आहे, मॅडम,’ हे वाक्य ज्याने कुणी पहिल्यांदा उच्चारलं त्याला एखाद्या विद्यापीठाने मानद डी.लिट. द्यायला हरकत नाही. मार्गदर्शक, विभागप्रमुख, ग्रंथालय आणि सरकार अशा चौघांची जबाबदारी एका दमात झटकणारं इतकं गुणी वाक्य मराठीत दुसरं नाही. वर ते म्हणताना चेहऱ्यावर थोडी दयाही आणता येते.

पंचेचाळिशी उलटल्यावर मी पीएच.डी.ला नाव घातलं. एम.ए. आणि पीएच.डी.च्या मधली वीसेक वर्षं जिल्हा सहकारी बँकेत गेली, त्यातली बरीचशी पीककर्जाच्या टेबलावर. विषयही तिथूनच उचलला: सोसायटीचं कर्ज आणि सावकाराचं कर्ज एकाच घरात गुण्यागोविंदाने कसं नांदतं. नोंदणी झाली, कोर्सवर्क झालं, संशोधन सल्लागार समितीची बैठक लागली आणि पहिलाच प्रश्न आला, ‘लिटरेचर रिव्ह्यू कुठवर आलाय?’ तो सुरू कुठून करायचा असतो, हे मी विचारलं. उत्तर वर दिलंच आहे.

उशिरा शिकायला परतलेल्यांना तंत्रज्ञान झेपत नाही, असं एक निदान विद्यापीठांत फार लोकप्रिय आहे. हे निदान करणाऱ्यांनी सहकारी बँकेत कोअर बँकिंग येताना पाहिलेलं नसावं. खतावणीची पानं संगणकावर चढवता चढवता आम्ही रात्रीचे अकरा वाजवलेत आणि दोन रुपयांचा फरक सापडेपर्यंत घरी गेलेलो नाही. मला पासवर्डची भीती वाटत नाही. पासवर्ड कुणाकडे मागायचा हे सांगणारा माणूस नाही, ही माझी तक्रार आहे आणि या लेखात मी तेवढीच करणार आहे, पुन्हा पुन्हा.

मला काय शोधायचं होतं, ते आधी सांगते. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. पुढच्या काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावागावांत पोचलं. दंगेखोरांचा डोळा पैशाअडक्यावर फारसा नव्हता. त्यांना कागद हवे होते. खतं, रोखे, हुकूमनामे जिथे मिळाले तिथे हिसकावून त्यांची होळी केली. सरकारने चौकशी नेमली, १८७९ मध्ये शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला आणि ‘दख्खनचे दंगे’ इतिहासाच्या पुस्तकात जाऊन बसले. १९७२ मध्ये नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने ‘मॉडर्न एशियन स्टडीज’ या केंब्रिजच्या नियतकालिकात या दंग्यांविषयीच्या रूढ समजुतीलाच आव्हान देणारा लेख लिहिला. मान्य करा किंवा खोडून काढा, माझ्या विषयात त्याला वळसा घालून जाता येत नाही. प्रकाशकाच्या संकेतस्थळावर लेखाचं नाव दिसलं आणि पुढे कुलूप. आपले कागद दुसऱ्याच्या पेटीत कुलूपबंद आहेत म्हणून जी माणसं उठली, त्यांच्यावरचा लेखही दुसऱ्याच्या पेटीत, आणि पेटी सुप्याहून सात हजार किलोमीटरवर.

परदेशी प्रकाशकांकडे एक लेख सुटा घ्यायचा तर तीस-चाळीस डॉलर हा सर्वसाधारण भाव आहे. तीन हजार रुपये धरा. दीडशे लेख वाचल्याशिवाय रिव्ह्यूला रिव्ह्यू म्हणत नाहीत, म्हणजे झाले साडेचार लाख. एवढ्या रकमेला बँकेत आम्ही दोन सक्षम जामीनदार मागत असू.

आणि हा माल घडतो कसा? लेख लिहिणाऱ्याला प्रकाशक छदाम देत नाही. लेख तपासणारे प्राध्यापक फुकट तपासतात. दोघांचा पगार होतो विद्यापीठातून, म्हणजे बहुतेक वेळा करदात्याच्या खिशातून. मग तोच लेख प्रकाशक त्याच विद्यापीठाला विकतो. एल्सव्हियर या बड्या प्रकाशन संस्थेची मालक कंपनी रेलेक्स; तिच्या विज्ञान-प्रकाशन विभागाचा नफा विक्रीच्या तीस टक्क्यांहून वर असतो. बँकेत जन्म काढलेल्या माझ्यासारखीने हा आकडा वाचून चष्मा पुसला. कच्चा माल फुकट, मजुरी फुकट, गिऱ्हाईक बांधलेलं आणि ते गिऱ्हाईकच कच्च्या मालाचं उत्पादक! असा धंदा आमच्या कुठल्या साखर कारखान्याच्या चेअरमनलाही सुचला नाही. रॉबर्ट मॅक्सवेल या ब्रिटिश वृत्तपत्र-सम्राटाला तो सुचला होता. त्याने पर्गमॉन प्रेस उभी केली आणि १९९१ मध्ये ती एल्सव्हियरलाच विकली. आता वाचकाकडून पैसे घेऊ नयेत अशी ओरड वाढल्यावर प्रकाशकांनी लेखकाकडून घ्यायला सुरुवात केली आहे. ‘नेचर’ने २०२१ पासून लेख सर्वांना खुला ठेवण्याचं शुल्क लावलं ९,५०० युरो. आठ-नऊ लाख रुपये. दार उघडं ठेवायचं भाडं!

मग आपलं सरकार पुढे आलं, आणि इथे मी सरकारचं कौतुक करणार आहे, नोंद घ्यावी. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि त्यांतले जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. अंमलबजावणी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राकडे. आयआयटीतल्या पोराला जे वाचता येतं ते परभणीच्या पोरीलाही यावं, हा विचार सोन्यासारखा आहे. सवयीने भागाकार केला: माणशी वर्षाला साधारण अकराशे रुपये. म्हणजे माझ्या नावाने सरकार एका परदेशी दुकानात दरसाल अकराशे रुपये जमा करतंय.

हे मला कळलं कुठून? वर्तमानपत्रातून. विद्यापीठाने सांगितलं नाही, विभागाने सांगितलं नाही आणि मार्गदर्शकांना मी सांगितलं.

योजनेच्या पहिल्या टप्प्यात सरकारी संस्था आहेत. खासगी संस्था दुसऱ्या टप्प्यात आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून कुणालाही वाचता येईल असा दिवस तिसऱ्या टप्प्यात. ज्या राज्यात बहुतेक महाविद्यालयं कुठल्या ना कुठल्या शिक्षण प्रसारक मंडळाची आहेत, तिथे हे टप्पे म्हणजे काय ते समजून घ्या. मी विद्यापीठाच्या विभागात नोंदलेली असल्यामुळे बसते योजनेत. पण राहते शंभर किलोमीटरवर तालुक्याच्या गावी. घरून वाचायचं तर संस्थेने तुमची ओळख पटवून तुम्हाला आत घ्यावं लागतं आणि त्यासाठी संस्थेत एक नोडल अधिकारी असतो. आमचे नोडल अधिकारी रसायनशास्त्राचे प्राध्यापक. त्यांच्याकडे नॅक मूल्यांकनाची फाइल आहे, राष्ट्रीय सेवा योजना आहे, मुलांचं वसतिगृह आहे आणि अधूनमधून रसायनशास्त्रही आहे. भल्या माणसाने मला हात जोडून सांगितलं, ‘मॅडम, माझं नाव यादीत कुणी घातलं तेच मला माहीत नाही.’ त्यांच्यावर मी रागावले नाही. हे काम त्यांचं नव्हेच. ते ग्रंथपालाचं आहे आणि ग्रंथपालाची खुर्ची आमच्याकडे कित्येक वर्षं रिकामी आहे.

मधल्या पोकळीत मग जे व्हायचं तेच झालं. २०११ मध्ये कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान या तरुणीने साय-हब हे संकेतस्थळ काढलं आणि जगभरच्या कफल्लक संशोधकांना फुकट लेख मिळू लागले. डिसेंबर २०२० मध्ये एल्सव्हियर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि ऑगस्ट २०२५ मध्ये भारतात साय-हब बंद करण्याचा आदेश झाला. कायद्याने जे व्हायचं ते झालं, त्यावर माझं म्हणणं नाही. पण विद्यापीठांनी काय केलं ते पाहा. इतकी वर्षं प्राध्यापक मंडळी डोळा मिचकावून विद्यार्थ्यांना तिकडे पाठवत होती. ‘इतर ठिकाणी मिळतं बरं का.’ ग्रंथालयाने द्यायची सेवा कझाकस्तानातली एक बाई देत होती, म्हणून कुणाला ग्रंथपालाची आठवण झाली नाही. ते दार बंद झालं तरी आठवण झालेली नाहीच.

कायदेशीर दारं किती उघडी असतात, हे मला सांगितलं माझ्या शाखेत पेन्शन घ्यायला येणाऱ्या एका निवृत्त ग्रंथपालबाईंनी. काउंटरच्या या बाजूला असताना मी त्यांचं पासबुक भरून द्यायचे. आता त्यांच्या ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसले. ‘बस गं,’ म्हणाल्या, ‘आधी चहा घे. मग तुझ्या विद्यापीठाने दोन वर्षांत काय सांगितलं नाही ते सांगते.’ जेस्टोर या लेखसंग्रहाच्या संकेतस्थळावर स्वतःचं साधं खातं उघडलं की महिन्याला शंभर लेख पडद्यावर फुकट वाचता येतात आणि जुन्या नियतकालिकांचा केवढा तरी साठा त्यात बसतो. गूगल स्कॉलरमध्ये लेखाच्या नावाखाली ‘सर्व आवृत्त्या’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. तिथे टिचकी मारली की लेखकाने स्वतःच्या विद्यापीठाच्या भांडारात ठेवलेली प्रत अनेकदा हाती लागते. (हे स्कॉलर २००४ मध्ये उभं करणाऱ्या दोघांतले एक, अनुराग आचार्य, आयआयटी खडगपूरचे. आपल्याकडे निदान अभिमान तरी फुकट असतो.) अनपेवॉल नावाची ब्राउझरची जोड खुली प्रत असेल तर आपणहून दाखवते. आणि काहीच सापडलं नाही तर लेखकाला सरळ चार ओळींचा मेल टाकायचा. ‘लाजायचं नाही,’ बाई म्हणाल्या. ‘आपला लेख कुणी मागितला की माणसं हुरळतात.’ पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या धनंजयराव गाडगीळ ग्रंथालयाने जुनी पुस्तकं आणि सरकारी अहवाल स्कॅन करून सगळ्यांना खुले केलेत, हेही त्यांनीच दाखवलं. पीककर्जावर लिहिणाऱ्या बाईला गाडगीळांच्या ग्रंथालयाचं नाव पेन्शनीच्या रांगेतून कळावं!

एका दुपारचं हे काम. ना निधी लागला ना समिती.

त्यानंतर बाईंनी माझं डाउनलोडचं फोल्डर उघडायला लावलं, आणि कपाळाला हात लावला. ते फोल्डर इथे जसंच्या तसं मांडायला हवं, कारण महाराष्ट्रातल्या प्रत्येक संशोधक विद्यार्थ्याच्या संगणकात हेच आहे. एल्सव्हियरकडून आलेल्या फाइलींची नावं ‘१-एस२.०’ने सुरू होतात, मग एक लांबलचक क्रमांक आणि शेवटी ‘मेन’. सगळ्याच मेन. जेस्टोरच्या फाइलींना नुसते आकडे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्यांची नावं ‘न्यू पेपर फायनल’, ‘इम्पॉर्टंट’ आणि ‘सर सेंट’. आणि मग शोधगंगा. तिथे पाच लाखांहून अधिक प्रबंध आहेत, २००९च्या यूजीसी नियमांमुळे ते खुले झाले आणि ही या देशाने केलेल्या चांगल्या कामांतली एक गोष्ट आहे. फक्त प्रत्येक प्रबंध तुकड्यातुकड्यांत उतरवावा लागतो आणि तुकड्यांची नावं ‘०१ टायटल’, ‘०२ सर्टिफिकेट’, ‘०९ चॅप्टर ३’ अशी. पंचवीस प्रबंध उतरवले की पंचवीस ‘चॅप्टर ३’ एकाखाली एक उभे राहतात, कंसात एक, दोन, तीन, चार. कुठला चॅप्टर सोलापूरच्या द्राक्षांचा आणि कुठला अकोल्याच्या कपाशीचा, हे उघडल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. बँकेत व्हाउचरला नंबर नसेल तर दिवस बंद होत नाही. इथे माणसं पाच-पाच वर्षांचं संशोधन बिननंबरी व्हाउचरांवर करतात आणि प्रबंध सादर करायच्या आदल्या महिन्यात संदर्भसूची जुळवताना रडकुंडीला येतात. ‘हे वाक्य वाचलं होतं, कुठे ते आठवत नाही’ हा मराठी प्रबंधांचा खरा सारांश आहे.

यावर औषध आहे, फुकट आहे आणि २००६ पासून आहे. झोटेरो त्याचं नाव. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात जन्मलं. लेख सापडला की ब्राउझरमधलं बटण दाबायचं. लेखक, वर्ष, नाव, नियतकालिक, डीओआय हा लेखाचा ओळख-क्रमांक, सगळं आपोआप टिपलं जातं, पीडीएफ सोबत येते आणि तिचं नावही लेखक-वर्ष-शीर्षक असं सुधारून मिळतं. लिहिताना वर्डमध्ये संदर्भ टाकला की शेवटची सूची तयार. तीनशे एमबीपर्यंतचा साठा त्यांच्याकडे विनामूल्य, बाकी तुमच्या संगणकात हवा तेवढा. मेंडले नावाचंही असंच एक साधन आहे. ते २०१३ मध्ये कुणी विकत घेतलं? एल्सव्हियरने. लेखही त्यांचाच आणि लेख ठेवायचं कपाटही त्यांचंच. फुकट मिळालेल्या कपाटाची किल्ली कुणाच्या खिशात असते, हे पीककर्जाच्या टेबलावर बसलेल्या बाईला कुणी समजावायची गरज नाही.

बाईंनी मला झोटेरो लावून दिलं त्याला चहाच्या दोन फेऱ्या पुरल्या. आमच्या विद्यापीठाने त्यासाठी एकदिवसीय कार्यशाळा घेतली. राज्यस्तरीय. दहाची वेळ, पावणेअकराला दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, मग मान्यवरांचा शाल-श्रीफळ आणि रोपटं देऊन सत्कार. प्रास्ताविकात एकविसाव्या शतकातील संशोधनापुढील आव्हाने. प्रमुख पाहुण्यांनी सरस्वतीपासून सुरुवात केली आणि कृत्रिम बुद्धिमत्तेपर्यंत पोचले तेव्हा जेवणाची वेळ झाली होती. मसालेभात उत्तम होता, हे मान्य करायला हवं. दुपारी अडीचला तज्ज्ञांनी पडदा लावला, ‘झोटेरोचे फायदे’ अशी स्लाइड वाचून दाखवली आणि प्रात्यक्षिकाला गेले तर सभागृहाचं वायफाय बंद. ‘घरी करून पाहा, सोपं आहे.’ चारला समारोप, गूगल फॉर्मवर अभिप्राय आणि अभिप्राय भरल्याशिवाय ई-प्रमाणपत्र नाही. सभागृहात दीडएकशे माणसं होती आणि एकाच्याही संगणकात त्या दिवशी झोटेरो बसलं नाही. नॅकच्या अहवालात मात्र ते बसलं असणार, फोटोसकट.

ग्रंथपालाच्या रिकाम्या खुर्चीची दुसरीही गिऱ्हाइकं आहेत. रोज माझ्या फोनवर कुणी ना कुणी ‘आंतरराष्ट्रीय’ नियतकालिक मला आदरणीय प्रोफेसर म्हणून साद घालतं. अठ्ठेचाळीस तासांत प्रसिद्धी, आयएसएसएन क्रमांक, भरघोस इम्पॅक्ट फॅक्टर, प्रमाणपत्राची हार्ड कॉपी घरपोच, शुल्क दीड हजार. मानसशास्त्र, मृदाशास्त्र आणि मराठी संतसाहित्य एकाच अंकात. यूजीसीने मे २०१८ मध्ये स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ नियतकालिकं काढून टाकली. म्हणजे आधी ती आत होती! मग ‘केअर’ यादी आली, तिचं काम पुण्याच्या विद्यापीठातून चाललं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने तीही गुंडाळली आणि नियतकालिक पारखायची जबाबदारी संस्थांवर सोपवली. संस्थेत ते पारखणार कोण? रसायनशास्त्राचे तेच प्राध्यापक, वसतिगृहाच्या पाण्याची टाकी बघून झाल्यावर. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती २०२२च्या नियमांतून गेली, पण ती लोकांच्या डोक्यातून गेलेली नाही. मुलाखतीला अजून विचारतात, ‘पब्लिकेशन किती?’ किती वाचले, हे मला एकाही समितीने विचारलेलं नाही.

आणि आता चॅटबॉट. आमच्या बॅचमधल्या एका मुलाने कृत्रिम बुद्धिमत्तेकडून संदर्भांची यादी मागवली आणि कौतुकाने मला पाठवली. लेखक खरे, नियतकालिक खरं, वर्ष पटण्यासारखं, पण त्यांतले कित्येक लेख कुणी लिहिलेलेच नव्हते. डीओआय घालून पाहिलं तर एक क्रमांक कुठेच गेला नाही आणि दुसरा भलत्याच विषयाच्या लेखावर गेला. त्या मुलाला मी दोष देत नाही. ज्याला खरा संदर्भ कसा शोधायचा हे कुणी शिकवलं नाही, त्याला खोटा ओळखता कसा येणार? त्याच्या मार्गदर्शकांनी त्या यादीवर बरोबरची खूण करून सही केली होती, तिचं काय करायचं ते त्यांनी ठरवावं.

इथवर सगळं इंग्रजीचं झालं. मराठीची गोष्ट याहून वाईट आहे आणि तिच्यासाठी कुठलाही परदेशी प्रकाशक जबाबदार नाही. माझ्या विषयावर मराठीत उत्तम लिहिलं गेलंय. ‘नवभारत’ आहे, ‘समाज प्रबोधन पत्रिका’ आहे, सहकारावरची कितीतरी मासिकं आणि विशेषांक आहेत. सापडत नाही. जे नेटवर आहे त्यातलं बरंचसं श्रीलिपी नाही तर कृतिदेव अशा युनिकोड नसलेल्या जुन्या फॉण्टमध्ये टंकलेलं. डोळ्यांना ‘सावकार’ दिसतो, संगणकाला मात्र विरामचिन्हांचा आणि रोमन अक्षरांचा किचाट दिसतो. त्यामुळे त्या पीडीएफमध्ये ‘सावकार’ शोधला की उत्तर येतं, सापडला नाही. काही प्रबंध नुसते फोटो काढून चढवलेले, त्यातले काही आडवे. काही मराठी प्रबंधांची शीर्षकं रोमन लिपीत, आणि ‘शेतकरी’ या शब्दाचं स्पेलिंग ज्याचं त्याने ठरवलेलं. सगळं ऑनलाइन आहे, हे खरंच आहे. पंढरपूरच्या वारीत हरवलेलं पोरही वारीतच असतं.

शंकर गणेश दाते या माणसाने १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची केली. संगणक नव्हता, प्रकल्प नव्हता, योजनेला इंग्रजी नावही नव्हतं. त्या तोडीची, मराठी नियतकालिकांतल्या लेखांची, एका ठिकाणी शोधता येईल अशी सूची आज मला कुणी दाखवावी. अभिजात दर्जा मिळाला, ढोल वाजले, चांगलं झालं. आता त्या अभिजात भाषेत ‘पीककर्ज’ या विषयावर मागच्या पन्नास वर्षांत काय काय छापलं गेलं, हे मला एका दुपारी सांगू शकेल असं कोण आहे? सहा हजार कोटी परदेशी नियतकालिकांसाठी निघू शकतात, तर त्याचा शतांशही नको, हजारावा भाग आपल्या नियतकालिकांच्या सूचीसाठी काढा. सहा कोटी होतात. तेवढ्यात कितीतरी ग्रंथालयशास्त्राचे पदवीधर पोटभर पगारावर कामाला लागतील, जे आज स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत खुर्च्या मांडतायत.

गोरवाला समितीचा ग्रामीण पतपाहणी अहवाल १९५४चा. शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आणि सावकारांचा सत्तरच्या आसपास, हे त्याने देशाला दाखवून दिलं. आजची आमची जिल्हा बँक ज्या धोरणांवर उभी राहिली, त्यांचं मूळ त्यात आहे. त्याचे खंड आमच्या विभागाच्या कपाटात आहेत, काचेतून दिसतात. कपाटाला कुलूप, किल्ली शिपाईमामांकडे, शिपाईमामांची बदली परीक्षा विभागात. मी तिथे गेले. ते म्हणाले, ‘ताई, किल्ली ग्रंथपालसाहेबांना हँडओव्हर करायची होती, पण ते रिटायर झाले, मग नवीन कुणी आलंच नाही. मी कुणाला देऊ?’ संपूर्ण विद्यापीठात प्रश्न नेमका समजलेला हा एकच माणूस मला भेटला.

दरवर्षी १२ ऑगस्टला एस. आर. रंगनाथन यांची जयंती ग्रंथपाल दिन म्हणून साजरी होते. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला एक वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. आमच्याकडेही फोटोला हार घातला जातो. घालतात उपकुलसचिव, कारण घालायला ग्रंथपाल नाही. राज्यात महाविद्यालयांमधली ग्रंथपालांची पदं वर्षानुवर्षं रिक्त पडलेली आहेत, कुठे लिपिकाकडे प्रभार, कुठे कंत्राटावर, कुठे नुसतंच कुलूप. प्राध्यापकांच्या रिक्त जागांवर निदान मोर्चे तरी निघतात. ग्रंथपालाच्या जागेला रडायला कुणी नाही, कारण सगळं ऑनलाइन आहे असं आपण एकमेकांना सांगून ठेवलंय.

तुम्ही शिकत असाल, शिकवत असाल किंवा तुमचं पोर कुठल्या महाविद्यालयात जात असेल, तर एक काम करा. साध्या कागदावर माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहा, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि तीनच गोष्टी विचारा: ग्रंथपालाची मंजूर पदं किती, भरलेली किती आणि रिक्त पद कोणत्या तारखेपासून रिक्त आहे. उत्तर तीस दिवसांत देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. आलेलं उत्तर तुमच्या आमदाराला पाठवा आणि एक प्रत स्थानिक वर्तमानपत्राला द्या. माझा अर्ज गेला आहे.